उलटी वायर, तंबोऱ्याची जोडी आणि अष्टमीचा समुद्र

एक स्पीकर बंद पडला आणि आवाज वाढला.

हे मी घरात मोठ्याने सांगितलं तेव्हा बायकोने नुसतं वर बघितलं आणि परत भाजी निवडायला लागली, कारण त्या स्पीकरपायी मी आधीच तीन आठवडे सगळ्यांचं डोकं खाल्लेलं होतं. झालं असं की नवीन घरात आलो तेव्हा बाबांचे जुने लाकडी खोक्याचे स्पीकर मी हट्टाने सोबत आणले, हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ठेवले, वायरी जोडल्या, चहा घेऊन बसलो आणि माझा आवडता तबला सोलो लावला. तबला एकदम स्वच्छ, ‘ना’ ‘तिं’ सगळं टकटकीत, पण डग्गा नाहीच! म्हणजे वाजतोय हे कळतंय, बोट पडल्याचा टप्प आवाज येतोय, पण तो पोटात जाणारा घुमारा गायब. पत्र्याच्या डब्यावर कोणीतरी अगदी तयारीने तीनताल वाजवतंय असं वाटत होतं.

मग सुरू झालं सगळं. आधी ॲम्प्लिफायरवर शंका घेतली, बासचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं, उपयोग शून्य. मग सामान हलवणाऱ्यांना शिव्या घातल्या (मनात). मग नवीन जाड वायर आणली. मग एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं, त्याने बोटाने स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, जरासा दाबून बघितला आणि म्हणाला फोम गेलाय साहेब, दोन्ही बदलावे लागतील, चार हजार. मी विचार करून सांगतो म्हणालो, जे आपण नेहमी म्हणतो.

आणि मग एका रविवारी लेकीचा पाय अडकून डाव्या स्पीकरची वायर निघाली आणि उजव्या एकट्या स्पीकरमधून डग्गा असा काही घुमला की मी आतल्या खोलीतून पळत आलो. वायर परत लावली, डग्गा गेला. काढली, आला. लेक म्हणाली, “बाबा, हा स्पीकर आवाज खातोय.”

बरोबरच बोलत होती ती. एका स्पीकरची वायर मी उलटी जोडली होती. दोन्ही वायरी पांढऱ्या, एकीच्या कडेला बारीक रेघ असते ती बघायची असते, ती मी बघितली नव्हती. फोम वगैरे काही गेला नव्हता, चार हजार वाचले, आणि दोष शंभर टक्के माझा.

तपासायची युक्ती सोपी आहे, कोणाला लागली तर. पेन्सिल सेल घ्यायचा, स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. सेलचं प्लस टोक लाल खुणेच्या वायरला लागलं की कोन टचकन बाहेर येतो, उलटं लागलं की आत जातो. डोळ्यांनी दिसतं. आमच्याकडे एकाच सिग्नलला एक कोन बाहेर यायचा तेव्हा दुसरा आत जायचा. म्हणजे एक हवा ढकलतोय आणि दुसरा तीच हवा ओढतोय. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला एकाने मागून ढकलावं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मागेच खेचावं, दोघंही घामाघूम होतील आणि पोरगं जागच्या जागी. हवा नुसती दोन स्पीकरच्या मधल्या मध्ये हलत राहिली, माझ्यापर्यंत काही पोचलं नाही.

पण मग तबला का ऐकू येत होता, डग्गाच का गेला? ह्याचं उत्तर मला तरी लांबीतून पटलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. डग्ग्याचा घुमारा समजा ८५ हर्ट्झच्या (सेकंदाला ८५ कंपनांच्या) आसपास धरला तर त्याची एक पूर्ण लाट ४ मीटर लांब होते, म्हणजे जवळजवळ आमचा हॉल. इतक्या लांब लाटेला तुम्ही सोफ्यावर बसलात काय आणि खुर्चीवर बसलात काय, दोन स्पीकरपासूनच्या अंतरात जो काही फूट-दीड फूट फरक पडतो तो किरकोळ असतो, त्यामुळे एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा कुठेही बसलं तरी एकमेकांवरच येतात आणि शून्य होतात. तबल्याच्या चाटीचे जे तीक्ष्ण आवाज आहेत ते दोन-तीन हजार हर्ट्झचे, त्यांची लाट ११-१७ सेंटिमीटर. ती दोन कानांच्या मध्येच उलटसुलट होते, भिंतीवरून परतून आलेले आवाज त्यात मिसळतात, त्यामुळे कुठे थोडं खाल्लं जातं कुठे थोडं वाढतं, आणि आपल्याला एकूणात ‘ठीक आहे’ वाटतं. पुस्तकात ह्या सगळ्याला व्यतिकरण म्हणतात. बारावीला मी ह्यावर पाच मार्कांचा प्रश्न सोडवला होता, आकृतीसकट. कशावर सोडवला होता ते आत्ता कळलं.

लेकीला हे नुसतं सांगून पटणार नव्हतं, मग आम्ही दोघं स्पीकर घेऊन गच्चीवर गेलो. गच्ची का, तर तिथे भिंती नाहीत, परतून येणारे आवाज कमी. ह्यावेळी वायरी सरळ जोडल्या, दोन स्पीकर दोन मीटर अंतरावर, मोबाईलवर टोन वाजवायचं एक फुकट ॲप असतं त्यातून १००० हर्ट्झचा एकसुरी टूंऽऽऽ दोन्हीत सोडला (शेजारच्या विंगमधल्या काकू खिडकीत आल्या, त्यांना हात केला). स्पीकरच्या समोर तीन मीटरवर खडूने रेघ मारली आणि लेकीला म्हटलं एका कानात बोट घाल आणि ह्या रेघेवरून हळूहळू आडवी चाल. ती चालली आणि दोन पावलांत थांबली. “बाबा गेला!” अजून वीतभर सरकली. “आला!” परत वीतभर. “गेला!” एकसारखा आवाज चालू आहे, स्पीकर जागेवर आहेत, आणि हवेत जणू आवाजाच्या आणि शांततेच्या उभ्या पट्ट्या रंगवून ठेवल्यात आणि ती त्यांतून चालतेय. तिने प्रत्येक ‘गेला’ला खडूची फुली मारली. हजार हर्ट्झची लाट साधारण ३४ सेंटिमीटरची, त्यामुळे त्या जागी एका स्पीकरपासूनचं अंतर दुसऱ्यापेक्षा अर्धी लाट म्हणजे १७ सेंटिमीटर जास्त झालं की उंचवट्यावर खळगा बसतो. आम्ही पहिल्या फुलीपासून दोन्ही स्पीकरपर्यंत टेप लावून मोजलं. १८ आलं, १६ आलं, एकदा २१ पण आलं, पण टेप लेकीच्या हातात होता.

मग ती फुलीवर कान धरून उभी असताना मी एका स्पीकरची वायर काढली. तिच्या तोंडाकडे बघण्यासारखं होतं. एक स्पीकर गेला आणि तिला जास्त ऐकू यायला लागलं.

तिने मग जे विचारलं ते मला आवडलं: “मग तो आवाज जातो कुठे?” कारण दोन्ही स्पीकर वीज खातायत, कष्ट करतायत, आणि इथे काहीच नाही म्हणजे काहीतरी हरवलं पाहिजे ना. हरवत नाही. जिथे दोघांचे उंचवटे एकत्र येतात तिथे लाट दुप्पट उंच होते, आणि आवाजाची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे दोन स्पीकर मिळून तिथे एकाच्या दुप्पट नाही, चौपट मिळतं. फुलीवर शून्य, फुलीच्या पलीकडे चार, सरासरी काढा, दोनच येते. हिशोब चुकता. आवाज मेला नाही, वीतभर बाजूला सरकून उभा राहिला. (हॉलमधल्या डग्ग्याचं जरा वेगळं, तिथे दोन्ही कोन एकमेकांची हवा झेलत होते त्यामुळे आवाज मुळात बाहेर पडतच नव्हता, आणि ॲम्प्लिफायरची बहुतेक वीज तशीही स्पीकरच्या कॉइलमध्ये गरम होण्यातच जाते.)

ते नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन पण ह्याच तत्त्वावर चालतात, बाहेरचा आवाज माइकने ऐकायचा आणि कानात त्याची उलटी लाट सोडायची. कल्पना जुनी आहे, पाउल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली ह्याचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं, फक्त तेवढ्या चपळाईने उलटी लाट बनवणारं यंत्र तेव्हा कोणाकडे नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये मी घालून बसतो, इंजिनाची घरघर जाते, आणि शेजारी बसून फ्लॅटच्या ईएमआयबद्दल बोलणारा सहकारी जात नाही. घरघर म्हणजे लांब लाट, पुढच्या क्षणी काय होणार ते माहीत असलेली. त्याचं बोलणं पुढे कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसतं.

असो. हे एवढ्यावर संपलं असतं, पण लेक गाणं शिकते आणि तिथे मी कोपऱ्यात बसलेलो असतो.

तिच्या गाण्याच्या ताईंकडे मिरजेचा तंबोरा आहे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा, त्यांच्या आईने घेतलेला. इलेक्ट्रॉनिक डबीवर त्यांचा राग आहे, क्लास सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं तंबोरा लावणं होतंच आणि तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. मी दोन वर्षं ती पंधरा मिनिटं मोबाईल बघत काढली, कबूल करतो. गच्चीच्या प्रयोगानंतरच्या शनिवारी पहिल्यांदा नीट ऐकलं.

तंबोऱ्याला चार तारा: पंचम, मग मधल्या दोन षड्जाच्या, आणि शेवटची खरजाची. मधल्या दोघींना जोडी म्हणतात, त्या तंतोतंत एका सुरात असाव्या लागतात. ताईंनी जोडीतली एक लावली, मग दुसरी छेडली, आणि दोन्ही मिळून जो आवाज आला तो सरळ नव्हता. वाँवऽवाँवऽवाँवऽ असा हेलकावत होता. मोठा-बारीक-मोठा-बारीक. ताई पोरींना म्हणाल्या, “ऐका, अजून भांडतायत.” खुंटी केसभर पिळली, वाँव सावकाश झाले. अजून जराशी, वाँवऽऽऽऽ वाँवऽऽऽऽ. मग खुंटी सोडून दिली आणि घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खालचा मणी बोटाने किंचित सरकवला, आणि तो हेलकावा ताणत ताणत इतका लांबला की तो आहे की नाही ते कळेना, आणि मग नाहीच. दोन तारा वाजतायत आणि एकच आवाज येतोय. “मिटलं,” ताई म्हणाल्या.

मी कोपऱ्यात बसून मांडीवर बोटांनी मोजत होतो. पोरींचा सूर काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी), म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ. एक तार २०८ वेळा हलते, दुसरी २१० वेळा. सुरुवातीला दोघी एकत्र निघाल्या तर उंचवट्यावर उंचवटा, आवाज मोठा. पण दुसरी जरा चटपटीत, ती पुढे पुढे जाते, पाव सेकंदात बरोबर अर्धी लाट पुढे गेलेली असते, आता एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर, आवाज बारीक. अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण लाट पुढे, परत एकत्र. म्हणून सेकंदाला दोन वाँव. इंग्रजीत बीट्स म्हणतात. फरक जेवढा, तेवढे सेकंदाला हेलकावे, इतकं सरळ. गच्चीवर ज्या फुल्या आम्ही जागेवर मारल्या होत्या त्याच इथे वेळेवर पडत होत्या. तिथे लेक चालत होती आणि आवाज उभा होता, इथे आपण बसलेलो आणि फुल्या एकामागून एक आपल्या कानावरून चालत जातायत.

आणि ताईंचा कान कसला म्हणायचा! मी नंतर ट्यूनर ॲप काढून बघितलं, ते दोन्ही तारांना हिरवा दिवा दाखवून मोकळं झालं होतं तेव्हा ताई अजून मणी सरकवत होत्या. ह्यात जवारीचा हात आहे असं मला वाटतं. जवारी म्हणजे हेच, घोडीच्या सपाटसर पाठीवर तारेखाली सूत सरकवून एका ठरावीक जागी आणलं की तार झणझणते, मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, दहापट कंपनांचे वरचे सूर उघडतात. आता समजा जोडीत फक्त ०.२ हर्ट्झचा फरक उरलाय. मूळ सुरात तो हेलकावा पाच सेकंदांत एकदा येणार, तोवर तारेचा आवाज बराच विरलेला असतो, कोणाला कळणार? पण दहाव्या वरच्या सुरात एक २०८०, दुसरी २०८२, सेकंदाला चक्क दोन वाँव. खाली शांत दिसणारं भांडण वरच्या मजल्यावर ऐकू येतं. जवारी चांगली उघडली असेल तर तंबोराच तुम्हाला सांगतो की अजून मिटलं नाहीये.

सी. व्ही. रामन ह्यांनी ह्या घोडीवर १९२१ साली कलकत्त्यात बसून शोधनिबंध लिहिलाय, म्हणजे ज्या शोधासाठी नोबेल मिळालं त्याच्याही सात वर्षं आधी. तोवर युरोपात असा नियम मानला जायचा की तार जिथे छेडाल त्या जागी ज्या वरच्या सुरांचा स्थिर बिंदू येतो ते सूर वाजणारच नाहीत. रामनांनी दाखवलं की तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर तो नियम चालत नाही, जे सूर गैरहजर असायला हवेत ते जोरात हजर असतात. त्या नियमावर ज्या दोघांचं नाव आहे त्यातला एक जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ आणि दुसरा थॉमस यंग. यंग परत येणार आहे, लक्षात ठेवा.

मे महिन्यात गावी गेलो. आमचं गाव मुरुडच्या जवळ, घरापासून समुद्र पाच मिनिटं. नानाकाका आता होडीवर जात नाहीत, पण पाणी कधी किती असेल हे अजून त्यांनाच विचारतात सगळे. त्यांचा हिशोब कोकणातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा असतो तोच: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. लहानपणी मला वाटायचं हे काहीतरी मंत्रासारखं आहे. खरं तर सरळ गणित आहे, भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तो हिशोब पाऊण तासात बसवलाय.

आम्ही गेलो तेव्हा अष्टमी-नवमी होती. लेकीला पोहायचं होतं, पण पाणी ना धड आत जातंय ना धड बाहेर. काका म्हणाले, “भांग आहे आता. पाण्याला ओढ नाही. पुनवेला ये, तेव्हा बघ पाणी कुंपणाला लागतं का नाही.” भांग म्हणजे ज्या दिवसांत भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. उधाण त्याच्या उलट, भरती अंगावर येते आणि ओहोटीला समुद्र लांब खडकांपलीकडे जाऊन बसतो. डोलीची जाळी लावणाऱ्यांचं पोटच ह्यावर, कारण डोल जाळं ओढत नाहीत, ते पाण्यात रोवून ठेवतात आणि पाण्याची ओढच मासळी आत आणते. ओढ नाही तर मासळी नाही.

रात्री पडवीत पडलो होतो, गाज ऐकू येत होती, आणि एकदम उठून बसलो. भूगोलात आपण काय शिकलो? चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. आकृती पाठ. पण तेच घड्याळ लावून बघा. चंद्रामुळे समुद्रात जी लाट फिरते तिची भरती दर १२ तास २५ मिनिटांनी. सूर्यामुळे जी फिरते तिची दर १२ तासांनी. दोन तारा! एक जराशी चटपटीत, एक जराशी मंद. पौर्णिमेला दोघींचे उंचवटे एकत्र असतात. चंद्राची भरती रोज ५० मिनिटं मागे पडते, सात-साडेसात दिवसांत सहा तास मागे, म्हणजे चंद्राचं पाणी चढलेलं असतं तेव्हा सूर्याचं उतरलेलं, एक ढकलतोय दुसरा ओढतोय. तो भांग. अजून तेवढेच दिवस गेले की परत एकत्र. गणित केलं तर १४.७७ दिवस येतात, आपला पंधरवडा.

म्हणजे उधाण-भांग-उधाण-भांग हा समुद्राचा वाँवऽवाँव आहे. ताईंच्या जोडीत तो अर्ध्या सेकंदाला एक होता, इथे पंधरा दिवसांना एक, पंचवीस लाख पट हळू, बाकी काही फरक नाही. अख्खा अरबी समुद्र कधी न मिटणाऱ्या जोडीसारखा माझ्या घराच्या पाच मिनिटांवर हेलकावतोय आणि मी चाळीस वर्षं तिथे पाय भिजवतोय.

भांगाला पाणी पूर्ण थांबत का नाही तर दोन तारा सारख्या जोरात वाजत नाहीत. सूर्य अवाढव्य असला तरी लांब आहे, भरती ओढण्याची त्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहूनही जरा कमी. मुंबईला चंद्राची लाट मधल्या पातळीपासून साधारण सव्वा मीटर वर जाते, सूर्याची जेमतेम अर्धा मीटर. एकत्र आले की पावणेदोन, विरोधात गेले की पाऊण. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते ते बघा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचेच असतात, बहुतेकदा एक-दोन दिवस पुढे, कारण समुद्राला हाक ऐकून उठायला जरा वेळ लागतो. त्या दिवशी वरून पाऊसही आला तर पाणी गटारातून समुद्रात जायच्या ऐवजी उलटं येतं आणि मग हिंदमाताचे फोटो आपण सगळेच बघतो.

सकाळी काकांना सगळं सांगितलं, अंगणात काडीने दोन लाटा काढून. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे अष्टमीला पाणी कमी असतं.” मी म्हटलं हो. “मग तेच तर काल सांगितलं मी तुला.”

आता यंग. शाळेच्या पुस्तकात तो दोन फटी असलेल्या पडद्यासकट येतो आणि प्रकाशाच्या लाटा सिद्ध करून जातो. मला वाटायचं त्याला हे एकदम सुचलं असेल. नाही, तो आवाजातून तिकडे गेला. लंडनचा डॉक्टर, तारा आणि नळ्यांच्या आवाजावर काम करत होता, दोन आवाज मिळून हेलकावा होतो हे त्याला नीट माहीत होतं, आणि दुसरीकडे त्याच्यासमोर भरतीचं उदाहरण होतं. आजच्या व्हिएतनामच्या उत्तरेला, टाँकिनच्या आखातात, एक बंदर होतं जिथे दिवसातून दोनऐवजी एकच भरती यायची आणि काही दिवस तर पाणी हलायचंच नाही. खलाश्यांकडून ही बातमी इंग्लंडला पोचली आणि न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात त्याचा उलगडा असा केला की तिथे भरती दोन वाटांनी येते, एक वाट सहा तास जास्त लांबची, त्यामुळे एकीची भरती दुसरीच्या ओहोटीवर बसते. त्या बंदरापुरतं हे स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण कल्पना टिकली. गंमत बघा, पाण्यावर पाणी चढून सपाट होतं हे न्यूटनने लिहिलं आणि प्रकाश मात्र कणांचाच आहे म्हणाला. ते दोन धागे यंगने एकत्र बांधले, साधारण एकशे पंधरा वर्षांनी.

आणि त्याचा खरा प्रयोग मला त्या दोन फटींपेक्षा जास्त आवडतो. १८०३ साली त्याने खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडलं, आत आलेल्या उन्हाच्या बारीक किरणात एक पातळ पुठ्ठ्याची पट्टी, मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची, कडेवर उभी धरली. प्रकाश पट्टीच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला आणि तिच्या सावलीत काळ्या-उजळ रेघा दिसल्या. मग त्याने पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला. सावलीतल्या रेघा गेल्या. म्हणजे काळ्या रेघेच्या जागी आधी अंधार होता, तो अर्धा प्रकाश अडवल्यावर हटला. हे वाचताना मला गच्चीवरची फुली आणि लेकीचं तोंड दिसलं. एक स्पीकर काढला, आवाज आला. एक बाजू झाकली, उजेड आला. यंगची तेव्हा एका नियतकालिकात यथेच्छ टिंगल झाली, त्याने चिडून उत्तराची पुस्तिका छापली आणि तो स्वतःच सांगतो की तिची एकच प्रत खपली. ब्लॉग लिहिणाऱ्याला हे वाचून जरा बरं वाटतं.

स्पीकरचं म्हणाल तर वायरी आता बरोबर आहेत, प्लसच्या टोकाला बायकोच्या नेलपेंटचा लाल ठिपका आहे (न विचारता). डग्गा घुमतो. फक्त सोफ्यावर बसलं की परत कमी होतो. दोन दिवस वैतागलो, मग टेप काढला. हॉल ४.६ मीटर लांब, सोफा मागच्या भिंतीपासून १.१५ मीटरवर. ७५ हर्ट्झची लाट ४.६ मीटरची, सोफा बरोबर तिच्या एक चतुर्थांशावर, म्हणजे सोफ्यावरून मागे जाऊन भिंतीवरून परतून सोफ्यावर यायला तिला बरोबर अर्धी लाट लागते आणि ती समोरून येणाऱ्या स्वतःच्याच लाटेवर उलटी बसते. दुसरा स्पीकर नको, उलटी वायर नको, नुसती भिंत पुरते. सोफा मागे भिंतीला टेकवला की काम झालं, तिथे आवाज भरपूर आहे, मी उभं राहून बघितलं.

पण सोफ्याच्या मागून बाल्कनीत जायचा रस्ता आहे, कपडे वाळत घालायचा. हे मी सगळं आकृती काढून समजावलं, काडीने नाही, कागदावर. “सोफा हलणार नाही,” बायको म्हणाली. त्यामुळे सध्या मी तबला फ्रिजशेजारी भिंतीला टेकून उभ्याने ऐकतो.